अर्जावर आजार लिहायचा नाही

तलाठी कार्यालयात एचआयव्ही असलेली बाई म्हणून कोणी जात नाही. जाते ती विधवा, वारस, अमक्याची सून. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत बायकांचे कागद करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आपल्याकडे 2017चा स्वतंत्र कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू झाला, आणि कायदा चांगला आहे. तरीही माझ्या पिशवीतल्या बहुतेक अर्जांवर त्याचं नावसुद्धा नसतं.

मी कामाला लागले ती समुपदेशक म्हणून. गोळ्या वेळेवर घ्या, नवऱ्याला तपासायला आणा, बाळाला काय पाजायचं, एवढंच तेव्हा बोलायचं असे. गावोगाव पोस्टरं लावली जात होती: एका ताटात जेवल्याने होत नाही, हात मिळवल्याने होत नाही, डास चावल्याने होत नाही. आज हे सगळं लोकांना तोंडपाठ आहे. वडखळ नाक्यावर कोणालाही विचारा, घडाघडा सांगेल. सासूला विचारा, तीही सांगते. आणि त्याच सासूने सुनेचं ताट वेगळं मांडलेलं असतं.

म्हणून हल्ली मी ताट वेगळं केलं का, हे विचारत नाही. कधी केलं, ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. नवरा अंथरुणाला खिळलेला असतो तेव्हा त्याची घाण काढायला, त्याला भरवायला, पेणच्या दवाखान्यातून अलिबागला न्यायला तीच असते. त्या दिवसांत तिच्या हातचा चहा सगळे पितात. तेव्हा तिलाही आजार आहे हे घरात ठाऊक असतं. नवरा जातो, दिवस-कार्य होतं, पाहुणे परततात, आणि मग एक दिवस पेल्यावर खूण होते. संडासाची बालदी वेगळी होते. दीर म्हणतो, वयनी, तुम्ही थोडे दिवस माहेरी जाऊन या, हवापालट होईल. त्या आठवड्यात विषाणूत काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती सातबाऱ्याची गोष्ट.

ज्या घरात वाटणीला काही नाही, तिथे ताटं वेगळी झालेली मी फार कमी पाहिली आहेत. हा माझ्यापुरता अनुभव आहे, आकडेवारी नव्हे. पण तो इतक्या घरांत आला आहे की आता मी आधी जमीन किती आहे ते विचारते आणि मग आजाराचं बोलते.

या भागात जमिनीचं काय झालं ते आठवून पाहा. पेणच्या खारेपाटातली एकपिकी भातशेती एके काळी कोणी फुकट दिली तरी घेत नव्हतं. बांध फुटला, खारं पाणी शिरलं की वर्षं वाया. मग महामुंबई सेझ आला. त्याच्या विरोधात शेतकरी उठले आणि 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या 22 गावांत जमीन द्यायची की नाही यावर सरकारला मतदान घ्यावं लागलं. सेझ गेला, पण जमिनीला भाव असतो हे घरोघर कळून चुकलं. 2011 पासून मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण सुरू झालं. पेण, नागोठणे, कोलाड, सगळीकडे मोबदल्याच्या याद्या लागल्या. मग विरार-अलिबाग मार्गिका. आता 2024 पासून उरण, पनवेल आणि पेणमधली मिळून 124 गावं नव्या शहराच्या नकाशात आहेत. यादीत नाव असेल त्याला चेक मिळतो. आणि मोबदल्याच्या यादीत नाव यायचं तर ते आधी सातबाऱ्यावर असावं लागतं. तरुण विधवा, पदरात एखादं लेकरू, त्यात तिला ‘तो’ आजार: तिचं नाव लागण्याआधी ती घरातून गेली तर सगळ्यांचंच सोपं होतं.

खारेपाटातल्या एका बाईची गोष्ट सांगते. ओळखू येईल असं काही लिहीत नाही, तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. नवरा ट्रकवर होता. तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात दिराने तिला मोटारसायकलवरून तालुक्याला नेलं, संजय गांधीचा फॉर्म भरायचा म्हणून. तिने दोन ठिकाणी सही केली. एक अर्ज खरंच संजय गांधी योजनेचा होता. दुसरा शंभराचा स्टॅम्प पेपर होता आणि त्यावर लिहिलं होतं की माझ्या आजारपणामुळे शेतीचा सांभाळ मला होणार नाही, म्हणून मी स्वखुशीने हक्क सोडते. ती माझ्याकडे आली ती कागदासाठी नाही. तिला माहेरी ठेवायला भाऊ तयार नव्हता आणि आता कुठे राहावं, हे विचारायला आली होती.

अशा वेळी घाबरलेल्या बाईला कायदा सांगून फारसा उपयोग होत नाही, पण हा थोडा सांगावाच लागतो, कारण तो तिच्या बाजूचा आहे. स्थावर मालमत्तेवरचा हक्क असा नोटरीच्या स्टॅम्पवर सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. दुसरं, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, हे वाक्य प्रत्येक सुनेला ऐकवलं जातं. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा त्यात जन्माने हिस्सा होता, आणि तो मृत्युपत्र न करता गेला तर त्या हिश्शाचे वारस म्हणजे त्याची बायको, त्याची मुलं आणि त्याची आई. म्हणजे सासू आणि सून कायद्याच्या एकाच पायरीवर उभ्या आहेत. हे मी एकदा एका सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याच्या जमिनीवर त्यांचंही नाव नव्हतं, दिरांनी लावलं नव्हतं. त्यानंतर त्या घरात माझं काम बरंच हलकं झालं.

खारेपाटातल्या बाईचा अर्ज आम्ही वारस नोंदीचा केला. नवऱ्याचा मृत्यूदाखला, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र. आजाराचा एक शब्द नाही. दिराने हरकत घेतली, तक्रारी नोंद झाली, प्रकरण मंडल अधिकाऱ्यापुढे गेलं. तिथे त्याने शेवटचा पत्ता टाकला. साहेब, हिला एड्स आहे. चार माणसांसमोर, मोठ्याने. बाईने पदर तोंडावर ओढला. अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, “मयताची बायको आहे का नाही, तेवढं सांगा.” दीर म्हणाला, आहे. “मग झालं.”

2017च्या कायद्याचं बोट धरून मी इथे दिरावर तक्रार करू शकले असते. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करू नये, राहत्या सामायिक घरातून बाहेर काढू नये, हे त्यात स्पष्ट आहे. पण त्यासाठी बाईला पुन्हा एकदा, या वेळी लेखी, सांगावं लागलं असतं की मला एचआयव्ही आहे. ती म्हणाली, “ताई, यानं एकदा सांगितलं ते माणसं इसरतील. कागदावर आलं तं कोण इसरणार?” मी गप्प बसले. जमिनीवर तिचं आणि मुलाचं नाव लागलं. ती त्याच घरात राहते, पडवीच्या बाजूला वेगळी चूल मांडून. सासू संध्याकाळी तिच्याकडे चहाला येते, म्हणते.

रोह्याकडचं चित्र थोडं वेगळं. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला असलेली माणसं, भाड्याच्या खोल्या, जमीन असली तर दूर डोंगराकडेच्या गावात. तिथे माझ्याकडे येतात त्या बहुतेक जिवंत नवऱ्याच्या बायका. त्यांचं भांडण सुरू होतं गरोदरपणात. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासतात, त्यात एचआयव्हीची तपासणी असते, आणि त्यामुळे त्या घरात सगळ्यात आधी तपासली जाते ती बाई. नवऱ्याने कधी सुई टोचून घेतलेली नसते. म्हणून घराच्या हिशेबात आजार आणला तिने. आधी तिचं निघालं ना! हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता ते सुरू झालं की पुढचं मीच बोलून टाकते.

या तपासणीचा फायदा खोटा नाही. उपचार नसले तर आईकडून बाळाकडे विषाणू जाण्याची शक्यता 15 ते 45 टक्क्यांपर्यंत असते, गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. पोर वाचतं. आई मात्र त्या एका रिपोर्टाने आरोपी होते, आणि नवरा तपासायलाच तयार नसतो, कारण जोवर तो तपासत नाही तोवर तो निर्दोष. अशा एका मुलीला सातव्या महिन्यात सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. माहेर एका खोलीचं, वर दोन भाऊ. तिला मी विचारलं, काय हवं? तिला वाटलं मी घटस्फोटाचं विचारते आहे. तिला परत जायचं होतं. मला ते फारसं पटलं नव्हतं, पण मला काय पटतं यावर माझं काम चालत नाही.

इथे आम्ही 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वापरला. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज गेला: गरोदर पत्नीला घराबाहेर काढलं, औषधपाण्याचा खर्च दिला नाही, राहण्याचा आदेश आणि खर्च मिळावा. काय औषध, कसलं औषध, ते लिहिलं नाही. सामायिक घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये साफ केल्यापासून या अर्जांना धार आली आहे. त्याआधी घर माझं आहे, मुलाचं नाही, एवढं सासऱ्याने म्हटलं की वकील हात टेकत. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे तालुका विधी सेवा समितीत जाईपर्यंत अजूनही कोणाला ठाऊक नसतं. आदेश होईपर्यंत बाळ झालं. बाळाची शेवटची तपासणीही निगेटिव्ह आली. नवऱ्याने मग स्वतःची तपासणी करून घेतली, चोरून, पनवेलला जाऊन. काय निघालं ते मला माहीत आहे, सासूला अजून नाही.

आडून जाण्याची ही पद्धत आम्ही कुठून शिकलो म्हणाल, तर बायकांकडूनच. एसटीचंच बघा. एचआयव्ही असणाऱ्यांना महामंडळाच्या साध्या गाडीत प्रवास मोफत आहे. गोळ्यांसाठी पेणहून, रोह्याहून अलिबागला जाणाऱ्या बायकांना त्याचा केवढा आधार व्हायला हवा. पण सवलतीचं कार्ड दाखवायचं कोणाला? कंडक्टरला. आणि कंडक्टर शेजारच्या गावचा, किंवा नणंदेच्या जावेचा भाऊ. माझ्या ओळखीच्या बायका पूर्ण तिकीट काढून जात. मार्च 2023 मध्ये सरसकट सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा त्या खरंच हरखल्या. मोफतपेक्षा अर्धं बरं, कारण ते बाई म्हणून मिळतं.

संजय गांधी निराधार योजनेचंही तेच. योजनेच्या पात्रतेच्या यादीत एड्स आहे, पण त्या रकान्यातून अर्ज केला की सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो, तो तलाठ्याकडून तहसिलीत जातो, तिथून समितीपुढे. समितीत तालुक्यातलीच माणसं. विधवा म्हणून अर्ज केला तर नवऱ्याचा मृत्यूदाखला पुरतो. पैसे तेवढेच. नवरा जिवंत असणाऱ्यांची पंचाईत होती. 2024 ला लाडकी बहीण आली, महिना पंधराशे, आणि एकीने मला विचारलं, “म्हंजे आता तो दाखला काढायला नको ना, ताई?” त्या योजनेबद्दल पेपरात काय काय लिहून येतं ते मी वाचते. तिच्या दृष्टीने योजनेचा गुण एवढाच होता की तिथे आजार विचारत नाहीत.

हे सगळं हिंदू वारसा कायद्याच्या घरांचं झालं. सुधागडाच्या अंगाला, पेणच्या डोंगरपट्ट्यात, रोह्याच्या वरच्या बाजूला कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत, तिथे माझे अर्धे अर्ज बाद होतात. आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू नाही. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या, घराचा उताराच नाही, मग वारस नोंद कशाची करायची? एक आधार आहे तो 2006च्या वनहक्क कायद्याचा. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. ज्या वाडीत पट्टा झाला आणि बायकोचं नाव खरोखर त्यावर पडलं, तिथे नवरा गेल्यावर तिला कोणाच्या दयेवर राहावं लागलं नाही.

वाडीत ताट वेगळं होत नाही, हेही सांगायला हवं. तिथली अडचण निराळी. दिवाळीनंतर जोडपी कोळशाच्या भट्टीवर किंवा वीटभट्टीवर जातात, कधी घाटावर, कधी थेट कर्नाटकात. उचल घेतलेली असते, त्यामुळे मधे परतता येत नाही. गोळ्या महिन्याच्या मिळायच्या आणि मुक्काम सहा महिन्यांचा. तुम्ही गोळ्या चुकवता, असं त्यांना एका दवाखान्यात रागावलेलं मी ऐकलं आहे. बाई खाली बघून उभी. तिने उचल फेडायची की गोळी घ्यायची, हा प्रश्न रागावणाऱ्याला पडलाच नव्हता. 2020च्या टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या तेव्हा एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देणं सुरू झालं आणि दिसलं की देता येतात. नेमकं तेव्हाच, 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. एका बाईच्या घराचं छप्पर गेलं, कपडे गेले, तांदूळ भिजला. गोळ्यांचा डबा तिने पोटाशी बांधून ठेवला होता. रेशनकार्ड मात्र राहिलं घरात. दुसरं कार्ड काढायला गोळ्यांपेक्षा जास्त खेपा घालाव्या लागल्या.

सगळीच माणसं वाईट नसतात, हेही एकदा लिहून टाकते, नाहीतर आमच्या तालुक्याची उगाच बदनामी. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात एक बाई आखणीचं काम करते, डोळ्यांची आखणी, म्हणजे सगळ्यात नाजूक काम. तिचं मालकाला कोणीतरी जाऊन सांगितलं. भर सीझन होता. मालकाने तिला बोलावून विचारलं, “हात थरथरतो का?” ती म्हणाली, नाही. मालक म्हणाला, मग जा, तीनशे मूर्ती पडल्यात. यात कुठे सहृदयता नाही आणि मला ते उत्तर फार आवडतं.

आता माझ्या या पद्धतीला एका मुलीने आक्षेप घेतला आहे. ती जन्मापासून एचआयव्हीसह जगते. तिची आई गरोदर होती तेव्हा या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतच नव्हत्या. मोफत उपचार सुरू झाले ते एप्रिल 2004 पासून. आई-वडील दोघेही गेले. आजीने वाढवलं. आज तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही, म्हणजे तिच्यापासून जोडीदाराला लागण होत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला गेली आणि वसतिगृहात कोणीतरी तिच्या बॅगेत गोळ्यांची बाटली पाहिली. दोन दिवसांत खोली रिकामी कर म्हणून सांगितलं. तोंडी. लेखी काहीच नाही.

मी नेहमीप्रमाणे आडवाट काढली. म्हटलं, वसतिगृहाची वर्षाची फी भरली आहेस, पावती आहे, फी घेऊन खोली नाकारली एवढंच लिहू. खोली मिळेल, बोभाटा होणार नाही.

ती म्हणाली, “मग त्यांनी मला कशासाठी काढलं, ते कुठे लिहिलं जाणार?”

मी तिला कंडक्टरचं सांगितलं, मंडल अधिकाऱ्यापुढचं सांगितलं, आजी गावात राहते याची आठवण दिली. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ताई, तुमच्या बायकांना घरात राहायचं होतं. मला नोकरी करायची आहे, दवाखान्यात. तिथे दरवर्षी कोणी ना कोणी माझी बॅग उघडणार. दर वेळी फीची पावती कुठून आणू?

मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं आहे असं नाही. खारेपाटातल्या बाईला मी आजही तोच सल्ला देईन जो तेव्हा दिला. पण या मुलीच्या तक्रारीत आम्ही 2017च्या कायद्याचं नाव पहिल्या ओळीत घातलं: शिक्षणात आणि निवासात भेदभाव, संमतीशिवाय स्थितीची वाच्यता. कोर्टात जायची वेळ आली तर नाव बदलून आणि बंद दाराआड सुनावणी मागण्याची सोय त्याच कायद्यात आहे. ती विनंती ठेवायला ती तयार झाली, फक्त आजीसाठी. संस्थेला वकिलाची नोटीस गेली आहे. तोवर ती एका मैत्रिणीच्या खोलीवर राहते, वर्गाला रोज जाते, आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर तारीख परीक्षेच्या दिवशी पडू नये, एवढं वकिलांना बजावून ठेवा म्हणून मला दर दोन दिवसांनी फोन करते.